गाय दुपारी बसत का नाही?

एप्रिलच्या दुपारी अडीचच्या सुमाराला संकरित गाईंच्या कुठल्याही गोठ्यात डोकावलं, तर बहुतेक गाई उभ्या दिसतात. गव्हाणीत कुट्टी पडलेली असते, पण कुणी तोंड घालत नाही. रवंथ थांबलेला असतो. मालक म्हणतो, 'ऊन उतरलं की खातील.' आणि खातातही. पण मधल्या सहा-सात तासांत जे राहून गेलं, ते संध्याकाळी पूर्ण भरून निघत नाही.

गाईचा दिवस फार बांधलेला असतो. धडधाकट दुभती गाय चोवीस तासांतले साधारण १० ते १४ तास बसून काढते. ७ ते ९ तास रवंथ करते, त्यातला बराचसा बसल्या बसल्याच. कुरणात सोडलेली असेल तर चरण्याच्या दोन मोठ्या पाळ्या असतात. एक पहाटेपासून सकाळपर्यंत, दुसरी दिवस कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. शिवाय पाणी पिणं, चालणं, दोन वेळची धार, एकमेकींना चाटणं, ढुशा देणं. याची बेरीज केली की मोकळा वेळ जवळपास उरतच नाही. एक काम लांबलं की दुसऱ्याला कात्री लागते. झाडांच्या सावलीत चरणाऱ्या गाईंवर जगभर जे संशोधन झालं आहे, ते बरंचसं या वेळापत्रकाचंच संशोधन आहे: गाय कोणत्या तासाला काय करते, आणि डोक्यावर सावली आली की त्यात काय बदलतं.

आधी उष्णतेचं बघू. गाईला ऊन बाहेरून लागतं तसं आतूनही लागतं. तिचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा, ही शंभरेक लिटर ऐवज मावणारी, अखंड पेटलेली भट्टी. त्यात कोट्यवधी जीवाणू वैरण आंबवत असतात आणि त्यातून उष्णता बाहेर पडत असते. गाय जितकी जास्त खाते आणि जितकं जास्त दूध देते, तितकी भट्टी तापते. म्हणून पंचवीस लिटर देणाऱ्या होल्स्टीन गाईला साधारण २५ अंशांच्या पुढेच जड जायला लागतं, आणि त्याच गोठ्यातली गीर किंवा देवणी मात्र निवांत असते. देशी गाईचं दूध कमी, म्हणजे आतली उष्णताही कमी. वर तिची कातडी सैल, केस आखूड आणि घाम काढायची ताकद जास्त. काळी-पांढरी होल्स्टीन थंड हॉलंडकडची. तिच्या अंगावरचा काळा भाग ऊन आणखी शोषतो. एकाच कळपात जास्त काळ्या अंगाच्या गाई सावलीकडे आधी वळतात, असंही पाहण्यात आलं आहे.

आतली उष्णता बाहेर टाकायचे तिच्याकडे मोजके मार्ग आहेत. घाम, श्वास आणि अंगावरून वाहणारा वारा. गाय बसली की अंगाचा मोठा भाग जमिनीला टेकतो, तिथे वारा लागत नाही आणि शरीराचं तापमान हळूहळू चढायला लागतं. उभी राहिली की उतरतं. म्हणजे दुपारी उभी असलेली गाय बसायचं विसरलेली नसते. बसणं तिला परवडत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका गोठ्यात गाईंच्या बसण्याची नोंद ठेवली गेली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. सर्वांत थंड टप्प्यात गाई दिवसाला सरासरी १०.९ तास बसत होत्या, सर्वांत गरम टप्प्यात ७.९ तास. तीन तास गेले. आणि हे छपराखालच्या गोठ्यातलं.

या तीन तासांची किंमत गाय अनेक ठिकाणी चुकवते. बसलेल्या गाईच्या कासेकडे रक्त जास्त जातं आणि रवंथही तेव्हाच निवांत होतो. उभ्या गाईच्या खुरांवर सतत भार राहतो, त्यामुळे उन्हाळा सरता सरता लंगड्या गाई वाढतात. आणि तोंड उघडून धापा टाकणारी गाय लाळ गाळत असते. ही लाळ साधी नसते. तिच्यात सोड्यासारखा क्षार असतो आणि रवंथाबरोबर तो पोटात जाऊन तिथलं आम्ल आवाक्यात ठेवतो. रवंथ कमी झाला आणि लाळ जमिनीवर सांडली की पोट आंबतं, आणि पोट आंबलं की फॅट उतरते. मे महिन्यात संकलन केंद्रावर फॅट का लागत नाही, म्हणून पेंडेच्या पोत्याला दोष देण्याआधी दुपारी गाईच्या तोंडाखालची जमीन बघावी.

धाप मोजायला यंत्र लागत नाही. गाईच्या बाजूला जरा लांब उभं राहायचं, तिच्या कुशीकडे बघायचं आणि अर्धा मिनिट वरखाली मोजून दुप्पट करायची. मिनिटाला चाळिसाच्या आत असेल तर ठीक. साठाच्या वर गेली की गाय उष्णतेशी झगडते आहे. तोंड उघडं आणि जीभ बाहेर दिसली तर मोजत बसू नये, आधी पाणी मारावं.

आता हवामान किती गरम, हे नुसत्या तापमानावरून ठरत नाही. दमटपणाही त्यात धरावा लागतो. त्यासाठी पशुवैद्यक दोन्ही मिळून एक निर्देशांक काढतात. पूर्वी ७२ च्या पुढे गाईला ताण, असं धरत. जास्त दुधाच्या गाईंसाठी ती रेघ आता ६८ वर आणली आहे. ६८ म्हणजे किती? २२ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता. आपण ज्याला सुखाची हवा म्हणतो, ती. कोकणातला ३३ अंशांचा आणि ६० टक्के आर्द्रतेचा दिवस घेतला तर आकडा ८४ च्या आसपास येतो. मराठवाड्यातला ३८ अंशांचा, २५ टक्के आर्द्रतेचा कोरडा दिवस घेतला तर ८३. थर्मामीटर पाच अंशांचा फरक दाखवतो, आणि गाईला दोन्हीकडे सारखंच जड जातं. पुण्याकडच्या पावसाळ्यात, माणसं शाल पांघरायच्या बेतात असताना, २४ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हा आकडा ७३ च्या पुढे जातो.

पण या निर्देशांकात एक मोठी गोष्ट मोजलेलीच नसते: प्रत्यक्ष ऊन. झाडाखाली थर्मामीटर धरला तर हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशच थंड भरेल. मग गाईला इतका फरक का पडतो? कारण तिला तापवतं ते हवेपेक्षा सूर्याकडून आणि तापलेल्या जमिनीकडून येणारं उत्सर्जन. चांगली सावली हा भार तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी करते, कधी निम्म्यापर्यंत. पत्र्याची शेडही ऊन अडवते, पण पत्रा स्वतः तापतो आणि खाली उभ्या गाईच्या पाठीवर उष्णता फेकतो. बुटक्या, बंदिस्त पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माणूस पाच मिनिटं टिकत नाही ते यामुळेच. झाडाचं पान मात्र पाणी बाष्पाने उडवत राहतं, त्यामुळे भर उन्हातही आसपासच्या हवेपेक्षा फारसं तापत नाही. शिवाय फांद्यांतून वारा खेळतो.

गाईला सावली खरंच किती हवी असते, हे तिलाच विचारायचं तर कसं? न्यूझीलंडमध्ये रुआकुराच्या संशोधन केंद्रात कारिन शुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची युक्ती काढली. गाईंना काही तास बसूच दिलं नाही, काहींना तर बारा तास. बारा तास बसू न दिलेली गाय सोडल्या सोडल्या बसकण मारते. मग तिच्यापुढे दोन जागा ठेवल्या. एकीकडे सावली, पण ती फक्त उभं राहण्यासारखी. दुसरीकडे बसायला छान जागा, पण उघड्यावर. हवा तापत गेली तशा पाय दुखणाऱ्या या गाईही बसणं सोडून सावलीत उभ्या राहायला लागल्या. हा प्रयोग २००८ चा. आणि न्यूझीलंडचा उन्हाळा तो काय, आपल्याकडच्या हिवाळ्यातली दुपार.

त्याच गटाचा २०१० चा प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. एका गटाला प्रत्येक गाईमागे २.४ चौरस मीटर सावली दिली, दुसऱ्याला ९.६. आपल्या हिशोबात पंचवीस-सव्वीस चौरस फूट आणि शंभर चौरस फूट. जास्त सावलीवाल्या गाई सावलीत दुपटीहून अधिक वेळ राहिल्या, त्यांची धाप कमी राहिली आणि आपसातली भांडणं बरीच घटली. सावली थोडी असली की ती मिळवावी लागते, आणि कळपात मिळवायचं म्हणजे ढुशी मारायची. थोराड, शिंगाला आलेली गाय मधे पसरते. पहिल्या वेताची कालवड कडेला, अर्धी उन्हात उभी राहते. सरासरीत 'गाईंना सावली आहे' असं दिसतं, पण सर्वांत जास्त गरज जिला आहे तिलाच ती मिळत नाही.

कुरणात झाडं असणं आणि कुरणात एक झाड असणं, यातला फरक इथेच आहे. एकट्या झाडाखाली सगळा कळप जमतो. शेण-मूत तिथेच पडतं, चिखल होतो, त्याच चिखलात सडं टेकतात आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, वाढते. बाकीच्या कुरणाला मात्र खत मिळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून जनावरं दगावल्याच्या बातम्या मराठवाडा-विदर्भातून दर वर्षी येतात, आणि त्यात बरीचशी एखाद्या एकट्या झाडाच्या आसऱ्याला उभी असतात.

झाडं विखरून लावली तर काय होतं, हे पाहायला कोलंबियाकडे वळावं लागतं. तिथल्या काउका खोऱ्यात, एल सेरितो गावाजवळ एल हातिको नावाचं शेत आहे. एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं. तिथे जमिनीलगत स्टार गवत, त्यावर दाटीने लावलेली सुबाभळीची झुडपं, एकरी चार हजारांहून जास्त, आणि त्यांच्या वर मोठ्या झाडांची विरळ छत्री. लुसेर्ना नावाच्या स्थानिक संकरित जातीच्या गाई एका वाफ्यात दिवसभर चरतात, मग तारेचं कुंपण सरकतं आणि त्या वाफ्याला सहा-सात आठवडे विश्रांती मिळते. सुबाभूळ गाईच्या तोंडाच्या उंचीला राखलेली असते, त्यामुळे उभ्या उभ्या पाला ओरबाडता येतो. २००९ च्या एल निन्योत तिथे पाऊस सरासरीच्या ४४ टक्के कमी झाला, गवत पाव हिश्श्याने घटलं, पण झुडपांचा पाला टिकून राहिला आणि दूध पडलं नाही.

अशा रचनेतल्या गाईंच्या वागण्याचा बारीक अभ्यास मेक्सिकोच्या युकातान भागात झाला. तिथे कालवडींचे गट केले. काही नुसत्या गवताच्या कुरणात, काही सुबाभूळ-गवत-झाडं अशा मिश्र कुरणात. निरीक्षक दिवसभर बसून कोण कुणाला चाटतं, कोण कुणाला ढकलतं, हे टिपत होते. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. मिश्र कुरणातल्या कालवडी एकमेकींना जास्त चाटत, जवळ राहत, आणि त्यांच्यातला मानाचा क्रमही जास्त स्थिर होता. चाटणं ही कळपातली दोस्ती आहे, पण त्यासाठी वेळ आणि निवांतपणा लागतो. धापा टाकणारी गाय दुसरीची मान चाटत बसत नाही. सावली जागोजागी असली की कळप पांगतो, गाई झाडागणिक दोन-तीन अशा बसतात, दुपारचं बसणं आणि रवंथ पुन्हा जागेवर येतात. चरण्याच्या दोन पाळ्यांमधेही थोडं तोंड चालू राहतं. उघड्या कुरणातली गाय मात्र दुपारचं चरणं रात्रीवर ढकलते.

माश्यांचंही बघण्यासारखं आहे. शेपटी आपटणं, पाय झाडणं, मान फिरवून पाठीवर तोंड मारणं यात गाय किती शक्ती घालवते, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण ते सतत चालूच असतं. माश्या वाढल्या की गाई एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि खेटल्या की आणखी तापतात. कोलंबियात झाडांच्या कुरणांमध्ये शेणकिडे जास्त सापडले. हे किडे शेणाची पो फोडून जमिनीत नेतात, त्यामुळे माशीच्या अळीला वाढायला जागा उरत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग दूध किती वाढतं ते सांगा. याचं एकच उत्तर नाही. जिथे ऊन कडक आणि गाय जास्त दुधाची, तिथे फरक दिसतो. सौम्य हवेत तो मोजण्याइतका नसतो. शिवाय सावली फार दाट झाली की खालचं गवत कमी येतं, वारा अडतो, आणि दमट हवेत वारा अडणं म्हणजे गाईचा उरलेला मार्गही बंद करणं. कोकणात किंवा गोव्यात दाट राईपेक्षा उंच खोडाची, विरळ झाडं बरी, ती यामुळे.

युकातान आणि काउकाच्या या गोष्टीचा एक धागा थेट पुणे जिल्ह्यात येतो. सुबाभूळ मूळची दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बायफ ही संस्था आपल्याला ठाऊक आहे ती होल्स्टीन-जर्सीच्या संकरासाठी, गावोगाव पोचलेल्या गोठीत वीर्यासाठी. त्याच बायफने सत्तरच्या दशकापासून सुबाभूळही गावोगाव नेली. म्हणजे थंड देशाच्या रक्ताची गाय आणि तिला सावली-चारा देऊ शकणारं झाड, दोन्ही एकाच दारातून आली. पुढे गाय गोठ्यात बांधली गेली, आणि सुबाभूळ बांधावर राहिली किंवा कागद कारखान्याकडे गेली. दोघींची गाठ कुरणात कधी पडलीच नाही.

सुबाभळीबद्दल शेतकऱ्यांच्या मनात जी धास्ती आहे ती खोटी नाही. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. जनावराने नुसता हाच पाला खाल्ला तर केस गळतात, गळा सुजतो, वजन घटतं. ऑस्ट्रेलियात हा त्रास फार होता. तिथल्या रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ पोटभर खाऊनही ठणठणीत असतात. त्यांच्या कोटीपोटातले जीवाणू आणून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि त्रास थांबला. त्या जीवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. तरीही आपल्याकडे एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पाला ठेवावा आणि हळूहळू सवय लावावी, हे बरं. विषारी घाणेरी आणि कण्हेर मात्र गाईच्या तोंडाला लागतील अशा जागी नकोतच.

आपल्याकडच्या बहुतेक दुभत्या गाईंना कुरण नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. गायरानं आक्रसली आहेत, बागायती जमिनीत कुणी गवत राखत नाही. पण मुक्तसंचार गोठे, म्हणजे गाई न बांधता कुंपणाच्या आवारात मोकळ्या ठेवण्याची पद्धत, वाढले आहेत आणि वर सांगितलेलं बरंच काही त्या आवारातही लागू पडतं. बहुतेक मुक्तसंचार गोठ्यांत मधोमध एक कडुनिंब असतो, आणि दुपारी वीस गाई त्या एका कडुनिंबाखाली असतात. हे रुआकुराचं २.४ चौरस मीटरवालं चित्र आहे. दहा गाईंच्या आवारात दोन-तीन ठिकाणी झाडं हवीत. मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा सावली झाडाच्या बुडाशी पडते. खरी गरज दोन ते पाचच्या दरम्यान असते, आणि तेव्हा ती पूर्वेकडे सरकते. म्हणून गाई बसतात त्या जागेच्या पश्चिमेला झाड हवं. ओळ दक्षिणोत्तर धरली तर सावली दिवसभर जमिनीवरून फिरते, गाई तिच्यामागे सरकतात आणि एकाच जागी चिखल होत नाही. पाण्याची टाकी सावलीत असावी, पण सर्वांत मोठ्या झाडाच्या बुंध्याशी नको, नाहीतर थोराड गाय सावली आणि पाणी दोन्ही अडवून बसते.

झाडं जगवणं हे मात्र गाईंच्या हातात देऊन चालत नाही. गाय खोडाला अंग घासते, साल सोलते, कोवळा शेंडा ओरबाडते. तिच्या खुरांनी बुंध्याभोवतीची जमीन दगडासारखी होते आणि मुतामुळे मुळं जळतात. गोठ्यातली झाडं वाळतात ती बहुतेक अशी. म्हणून आवार आखायच्या दोन-तीन वर्षं आधी झाडं लावावीत, गाईची मान पोचणार नाही इतक्या अंतरावर पाइपचं किंवा लाकडी कुंपण घालावं, आणि बुंध्याजवळचं शेण रोजच्या रोज ओढून घ्यावं. घासायला एखादा जाड ओंडका वेगळा पुरून ठेवला, तर खोडाची साल वाचते.